‘फेसाटी’ वाचायची की ऐकायची?

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी कादंबऱ्या हेडफोनमध्ये शिरल्या. एसटीत, रानात, गाडी धुताना, कुठंही ऐका. पण पुस्तक जर आपल्या बोलीत असेल तर?

उदाहरण घरचंच घेऊ. जत तालुक्यातल्या निगडी बुद्रुकच्या नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’. २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेली कादंबरी. दुष्काळ, गरिबी आणि त्यातून शिकायची धडपड, तीही आपल्याकडच्या बोलीत. समजा, ही कुणी आपल्याला कानात वाचून दाखवतंय. मला तर दोन्ही वाटतं, हवंहवंसं आणि नकोसंही.

हवंसं का, ते आधी. बोली मुळात कानाची. कागदावर ‘हाय’, ‘न्हाय’ छापता येतं, पण हेल छापता येत नाही. संख, उमदीकडं बघा, कितीतरी घरांत कन्नड बोलतात, मग मराठी बोलतानाही शब्द वेगळाच उचलला जातो. त्याला देवनागरीत खूणच नाही. पुण्यातला वाचक ते पान स्वतःच्या चालीत वाचणार. शिवाय ज्यांच्या जगण्यावर असली पुस्तकं लिहिली जातात, त्यातल्या कितीतरी आयांना अक्षरं येत नाहीत. त्यांच्यासाठी आवाज हाच रस्ता.

आता नकोसं का? तर वाचणारा माणूस. सिरियलवाल्यांनी एक ‘गावरान’ मराठी बनवून ठेवलीय. विदर्भातला शेतकरी असो नाहीतर माणदेशातला मेंढपाळ, सगळे तसलंच बोलतात, आणि बहुतेक वेळा हसवायला. बऱ्याच कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत असतं आणि संवाद तेवढे बोलीत. तिथं वाचकानं आवाज बदलला तर चालून जातं. इथं मात्र बोली हा कुणा पात्राचा लकब नाही, अख्खी गोष्टच तिच्यात सांगितलीय. एकदा सूर विनोदी लागला की उपाशी झोपायचा प्रसंगसुद्धा नकलेसारखा ऐकू येतो. आणि तो सूर पाच मिनिटांत संपत नाही.

किती वेळ चालतो, हिशोब करू. पन्नास हजार शब्दांची कादंबरी, मिनिटाला १३० शब्दांनी वाचली, तर साधारण साडेसहा तास. आपण काय करतो? स्पीड दीडपट. सव्वाचार तासांत खेळ खलास! ॲप आवाजाची पट्टी तशीच ठेवतं, म्हणून फरक जाणवत नाही. पण शब्दांबरोबर मधली शांतताही आखडते. बाप काहीच न बोलता उठून जातो, ती जागा अर्धवट उरते. (बातम्या खुशाल दुप्पट स्पीडनं ऐका, माझं काही म्हणणं नाही.)

आणखी एक, जरा कडू. टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या फाइल्स. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोरे यांचं शिकवायचं काम सुटलं आणि त्यांना मजुरीला जावं लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. अकादमीचा पुरस्कार असलेल्या लेखकाची ही गत. पुस्तकाची प्रत किंवा अधिकृत ऑडिओ घेतला तर करारात ठरलेलं काहीतरी लेखकापर्यंत जातं. फॉरवर्ड केलेल्या फाइलमधून छदामही जात नाही.

मग ऐकायचं का? ऐका, पण आधी नमुना ऐका. बहुतेक ॲपवर तो मिळतो. त्यात दुःखाचा प्रसंग असेल तर उत्तमच. वाचणारा तिथं सरळ बोलतोय की ‘गावरान’ करतोय, लगेच कळतं. मग स्पीड एकवर ठेवा.

आणि घरी आईला किंवा आजीला ऐकवायची असेल, तर ॲप राहू दे. पुस्तक आणा, रोज दहा पानं मोठ्यानं वाचा. एखादा शब्द चुकला तर त्या थांबवतील, ‘आरं, आसं न्हवं’ म्हणतील. स्टुडिओत थांबवणारं असं कुणी असतं का, हे पुढच्या भागात एखाद्या ऑडिओबुक वाचणाऱ्यालाच विचारू.