पोटाची दुर्बीण : चित्र स्वच्छ कशाने दिसते?

तंबाखूच्या पानाची प्रत कोणी अंधाऱ्या खोलीत ठरवीत नाही. दारात आणून, उजेडात उलटसुलट करून पाहतात. निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पोटाच्या दुर्बिणीचे, म्हणजे एंडोस्कोपीचेही तसेच आहे.

बेळगावला तपासणीस जायचे ठरले की पुष्कळजण आम्हांला विचारतात, "नवे मशीन कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. १९५७ साली डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची वळणारी दुर्बीण प्रथम वापरली. तिच्यातला एखादा तंतू तुटला की चित्रात काळा ठिपका येई. १९८३ मध्ये नळीच्या टोकाशीच इलेक्ट्रॉनिक चिप बसवलेली व्हिडिओ दुर्बीण आली आणि चित्र पडद्यावर दिसू लागले. पूर्वीच्या व्हिडिओ दुर्बिणीचे चित्र एक ते चार लाख ठिपक्यांचे असे. हाय डेफिनिशन दुर्बिणीचे साडेआठ लाखांपासून वीस लाखांपर्यंत असते. मात्र नळी, प्रोसेसर, केबल व पडदा ही सर्व त्याच प्रतीची हवीत. एक जरी जुने असले तरी बाकीच्यांवरचा खर्च वाया! काही यंत्रांत निळा-हिरवा प्रकाशही असतो. रक्त तो शोषून घेते, म्हणून बारीक शिरा गडद उठून दिसतात.

एवढा बारकावा कशाला? कारण जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग सुरुवातीला गाठीसारखा दिसेलच असे नाही. थोडी लाली, थोडा खोलगटपणा, एवढेच असते. तंबाखू, विडी व दारू घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

पण वीस लाख ठिपके असले तरी भाकरीच्या आडचे दिसत नाही. "थोडेच खाल्ले होते" म्हणणाऱ्याचे जठर अर्धे झाकलेले असते. मग तपासणी पुन्हा करावी लागते, किंवा, त्याहून वाईट, काहीतरी नजरेतून सुटते. म्हणून सहा ते आठ तास आधीपासून जेवण, दूध, दुधाचा चहा काही नको. पाणी कधीपर्यंत चालेल ते डॉक्टरांना विचारावे. फेस व चिकटा धुऊन सावकाश पाहणारा डॉक्टरही हवा; पहिल्या तपासणीला निदान सात मिनिटे द्यावीत, असे युरोपातील तज्ज्ञ सांगतात.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचास डांबरासारखे काळे होत असेल, तर नव्या मशीनची चौकशी करीत महिना घालवू नका. जवळ जे आहे तिथे आधी दाखवा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास त्या आपल्या मनाने बंद न करता आधी सांगा.