सायकॅडच्या पानावरची बिऱ्हाडं

केपटाउनमध्ये टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर किर्स्टनबॉश ही वनस्पतिबाग आहे. १९१३ साली ती सुरू झाली, तेव्हा पहिले संचालक हॅरॉल्ड पिअर्सन यांनी अगदी सुरुवातीला जी झाडे लावून घेतली त्यांत सायकॅड, म्हणजे प्राचीन वंशाची, शंकू धरणारी झाडे, होती. पुढच्या तीनच वर्षांत, १९१६ साली, पिअर्सन वारले. त्यांची कबर याच बागेत, त्यांच्या सायकॅडजवळ आहे.

बाग पाहायला येणारा माणूस या झाडांचे जाडजूड बुंधे आणि भले मोठे शंकू पाहून थबकतो. पानांवरचे काळे ठिपके कुणी वाकून पाहत नाही. ते पाहिले पेद्रो क्राउस यांनी. क्राउस मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या प्रसिद्ध बुरशी-संस्थेत काम करणारे संशोधक. एन्सेफॅलार्टोस या आफ्रिकी सायकॅडच्या पानांवर राहणाऱ्या सूक्ष्म बुरश्यांवर त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला शोधनिबंध २००८ साली ‘पर्सूनिया’ या नियतकालिकात आला. त्यात विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या अनेक जाती होत्या. एकीला बागेचेच नाव मिळाले: सॅकराटा किर्स्टनबॉशेन्सिस. जिथे रोज शेकडो पर्यटक फिरतात त्या बागेत नवी जीवजात सापडावी, यावरून पानावरच्या या जगाकडे किती दुर्लक्ष झाले आहे ते कळते.

सायकॅडचे पान हे राहायला सोपे ठिकाण नाही. ते कातड्यासारखे चिवट असते, वरचा मेणचट थर जाड असतो आणि पर्णरंध्रे खोल दडलेली असतात. उन्हात पान तापते, पावसाचा थेंब वरून घसरून जातो. आतल्या पेशींमध्ये सायकॅसिनसारखी विषे असतात. पण या पानात एक मोठा गुण आहे: ते वर्षानुवर्षे झाडावर टिकते. दरवर्षी गळणाऱ्या पानावर बुरशीला घाई करावी लागते. सायकॅडच्या पानावर ती सावकाश वाढू शकते. बीजाणू पानावर पडतो, दमट रात्री रुजतो, त्याचा तंतू रंध्रातून किंवा एखाद्या जखमेतून आत शिरतो, आणि काही काळाने पानाच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे काळे फोड येतात. त्या फोडांत पुढच्या पिढीचे बीजाणू तयार होतात. काही बुरश्या जिवंत पानाला डाग पाडतात, काही पान मरेपर्यंत आत गुपचूप राहतात, तर काही नुसत्या वाळलेल्या पात्यांवर जगतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रोग, हा माळीबाबांचा समज म्हणूनच अपुरा आहे.

क्राउस यांनी नोंदवलेल्या जातींपैकी टेराटोस्फेरिया एन्सेफॅलार्टी आणि टेराटोस्फेरिया आल्टेन्स्टाइनी या दोघींचे कूळ विलक्षण आहे. या कुळातल्या बुरश्या काळसर असतात, कारण त्यांच्या पेशींच्या भिंतींत मेलॅनिन असते. ऊन, कोरडेपणा, अन्नाची टंचाई त्या सहन करतात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत खडकाच्या आत जगणारी फ्रीडमॅनिओमायसिस ही बुरशीही याच कुळातली. त्याच शोधनिबंधातल्या फिओमोनिएला केपेन्सिसची गोष्ट वेगळी. तिची जवळची नातलग द्राक्षवेलींची खोडे आतून पोखरून मळेवाल्यांना हैराण करणारी बुरशी आहे. पुढे जनुकीय तपासणीतून सायकॅडवरची ही जात पुरेशी निराळी ठरली आणि तिच्यासाठी पॅराफिओमोनिएला हे स्वतंत्र प्रजातीनाम करावे लागले.

ही सोबत किती जुनी? उत्तर वाटते तितके सरळ नाही. सायकॅडचा वंश डायनोसॉरांच्याही आधीचा, म्हणून त्यांना जिवंत जीवाश्म म्हणतात. पण नॅथली नागलिंगम आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १ कोटी २० लाख वर्षांतच फुटून वेगळ्या झाल्या. वंश पुराणा, जाती मात्र त्या मानाने नव्या. त्यामुळे एखाद्या जातीच्याच पानावर आढळणारी बुरशीही तशीच नवी असू शकते, किंवा शेजारच्या झाडावरून आलेली पाहुणी असू शकते. याचा निवाडा करायला अनेक जातींची, अनेक रानांतली पाने तपासावी लागतील.

आणि पाने उरायला हवीत. जगात सायकॅडच्या सुमारे ३७० जाती आहेत. वनस्पतींच्या मोठ्या गटांत इतका धोक्यात आलेला गट क्वचितच असेल. एन्सेफॅलार्टोस वुडी ही जात १८९५ साली जॉन मेडली वुड यांना आजच्या क्वाझुलु-नाताळमधल्या न्गोये जंगलात दिसली. एकच नर झाड, बहुबुंधी. मादी आजवर कुणालाही सापडलेली नाही. रानातून ते झाड कधीच नाहीसे झाले असून जगभरच्या बागांत आहेत ती सगळी त्याच्याच पिलव्यांपासून वाढवलेली. झाड वाचले, पण न्गोयेच्या दमट हवेत त्याच्या पानांवर कोण राहत होते, हे आता कोण सांगणार? संवर्धनाच्या हिशेबात ही बिऱ्हाडे धरलीच जात नाहीत, आणि ती धरायला हवीत. पिलवे काढून काचघरात लावता येते, पण तिथे पहिल्याच ठिपक्यावर बुरशीनाशक फवारले जाते.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुरश्यांचा अंदाज बांधताना क्राउस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वनस्पतीच्या प्रत्येक जातीमागे बुरशीच्या ७ जाती असे गुणोत्तर धरले होते. त्याने आकडा १,७१,५०० वर जातो. प्रिटोरियातला राष्ट्रीय बुरशी-संग्रह १९०५ पासूनचा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना, तरीही या अंदाजातल्या बुरश्यांचा फार मोठा भाग अजून नोंदवायचा आहे.

आपल्या पश्चिम घाटातल्या सायकस सर्सिनॅलिस या सायकॅडची स्थितीही काळजीची आहे. ती धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तिची कोवळी पाने भाजीसाठी आणि मोठी पाने सजावटीसाठी तोडली जातात. भारतातल्या बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत आहे, तेव्हा बुरश्या गोळा करून नोंदवण्याचे काम आपल्याकडे परके नाही.

करायचे काम खर्चिकही नाही. वनखाते चोरीचे सायकॅड जप्त करते, बागेत झाडाची जुनी पाने छाटली जातात, बियाण्यांसाठी कुणी रानात जाते, त्या प्रत्येक वेळी डाग पडलेली दोनचार पाने, ठिकाण आणि तारीख लिहून, संग्रहाकडे पाठवता येतील. प्रयोगशाळेत ती ओलसर कागदावर ठेवली की फोडांतून बीजाणू बाहेर पडतात आणि एकेका बीजाणूपासून बुरशी वाढवता येते. फक्त पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नयेत, तिथे ती घामेजून कुजतात. कागदी पाकिटात नीट पोहोचतात.