जोडण्यांची शेजपाळी
बारामती वा इंदापूर तालुक्यातील खातेदार आपल्या गटाचा सातबारा मोबाइलवर मागतो, तेव्हा संकेतस्थळाला त्या नोंदीसाठी डेटाबेसशी जोडणी करावी लागते. आणि पासवर्डाची शहानिशा, स्मृतीची तरतूद इत्यादी सोपस्कारांत नोंद शोधण्याहूनही कित्येकदा अधिक काळ खर्ची पडतो. म्हणून एकदा उघडलेली जोडणी काम उरकल्यावर न तोडता पुढील अर्जदारासाठी राखून ठेवण्याचा प्रघात पडला.

परंतु अशी प्रत्येक जोडणी जागा अडवते: पोस्टग्रेसमध्ये तिच्यामागे स्वतंत्र प्रक्रिया उभी राहते व मूळ मर्यादा १०० असते, मायएसक्यूएलमध्ये ती १५१ असून, निष्क्रिय जोडणी एरवी ८ तासांनी तुटते. यास्तव नीरा डाव्या कालव्यावर पाणी पाळीपाळीने देणाऱ्या शेजपाळीप्रमाणे, मोजक्याच जोडण्या ठेवून ज्याचे काम झाले त्याने ती तत्काळ पुढच्यास द्यावी, असा बंदोबस्त करतात. देताना अपुरा व्यवहार रद्द करणे अगत्याचे. अन्यथा एकाच्या अर्धवट फेरफाराने अडकलेली नोंद दुसऱ्यास बदलता येत नाही.

२०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामात मुदतीअखेर गर्दी उसळते, तेव्हा जोडण्या वाढवण्याचा मोह आवरून अर्जदारांना क्षणभर रांगेत ठेवणे, हेच सर्वांच्या हिताचे ठरते.