हृदयाच्या स्नायूला रक्त पोचते का?



पडघ्याभोवतीच्या गोदामांत ओझी वाहणारा एखादा गडी बसला असता सुखात असतो. पोते पाठीवर आले की त्याची छाती दाटते. असे का व्हावे? हृदय हाही एक स्नायूच. त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या, तरी विश्रांतीत निभावून जाते. श्रमाच्या वेळी मागणी वाढते आणि तूट उघडी पडते. म्हणून तपासणीतही हृदयाला, चालवून किंवा औषध देऊन, ताण द्यावा लागतो.

अँजिओग्राफी रस्ता दाखविते. माल स्नायूपर्यंत पोचला का, हे ती थेट सांगत नाही. त्यासाठी शिरेतून अल्पसे किरणोत्सर्गी द्रव्य देतात. पूर्वी ते थॅलियम असे, आता बहुधा टेक्नेशियम. त्याचा जोर दर 6 तासांनी निम्मा होतो. जेथे रक्त कमी, तेथे चित्र फिके. ही स्पेक्ट तपासणी. तिच्यात एक उणीव आहे. ती स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. तिन्ही रोहिण्या सारख्याच अरुंद असतील, तर चित्र निर्दोष भासू शकते. साऱ्या आळीलाच मजुरी कमी मिळत असेल, तर शेजाऱ्याकडे पाहून अन्याय कसा कळावा?

पेट तपासणी प्रत्यक्ष मोजमाप करते : दर मिनिटाला किती रक्त पोचले. परंतु तिच्यातील अमोनियाचा जोर 10 मिनिटांतच निम्मा होतो; म्हणून सायक्लोट्रॉन यंत्र जवळच हवे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे 1963 साली स्थापन झाले, असे यंत्र 2002 साली आले. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही आणि जुना व्रणही दिसतो. मात्र मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील, तर तिच्या औषधाबाबत जपावे लागते. ताण देऊन केलेली एको सर्वांत सुटसुटीत. पण ती बहुधा रक्त पाहत नाही, हृदयाच्या भिंतीची हालचाल पाहते.

तेव्हा सर्वांत महाग ती सर्वांत चांगली, असा हिशेब येथे चालत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे दोन गोष्टी विचाराव्यात : या तपासणीने नेमके काय कळेल? आणि तिच्या निकालाने माझा उपचार बदलेल काय? एवढे मात्र ध्यानात ठेवा : बसल्या जागी छाती दुखू लागली आणि थांबेना, तर प्रश्न विचारीत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.