घाटाचा चढ आणि भाकरीचे बळ

साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून जातो. पावसाळ्यात हा घाट हिरवागार होतो, वळणावळणावर धुके उतरते. २०१२ साली या रस्त्यावर अर्धमॅरेथॉन सुरू झाली. अंतर २१.०९७५ किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. धावणाऱ्यांत कसलेले खेळाडू थोडे, नोकरी-धंदा सांभाळणारी आमच्यासारखी हौशी माणसेच अधिक. त्यांतला कोणी शाकाहारी असला की त्याला प्रश्न ठरलेला : "अंडी-मटण नाही, मग ताकद कुठून येणार?"

शाळेच्या मैदानावर मुलामुलींनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो. त्याचे उत्तर हिशेबाने देता येते.

स्नायू हे प्रथिनांचे बनलेले असतात, तेव्हा काम करताना प्रथिनेच जळत असणार, असे एकोणिसाव्या शतकातील थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत होते. ते तपासून पाहण्यासाठी १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढले. चढण १९५६ मीटर. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न बंद केले आणि पिठुळ पदार्थाच्या, म्हणजे स्टार्चच्या, चरबीत तळलेल्या वड्या खाल्ल्या. प्रथिनांचे विघटन झाले की त्यांतला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून त्यांनी लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. त्यावरून प्रत्येकाच्या शरीरात सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने खर्ची पडल्याचे दिसले.

आजचे आकडे घालून हिशेब करू या. एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते; म्हणजे ३७ ग्रॅमपासून १४८. फिकचे वजन ६६ किलो होते. ते १९५६ मीटर उचलण्याचे काम ६६ × ९.८ × १९५६ = सुमारे १२,६५,००० ज्यूल, म्हणजे ३०२ किलोकॅलरी. शिवाय स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे प्रत्यक्ष खर्च बाराशेच्या घरात! चढण्याचे मुख्य इंधन प्रथिने नव्हेत, हे उघड झाले.

आता आपल्या घाटाकडे येऊ. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी लागते. धावणाऱ्याचे वजन ६० किलो धरले, तर २१ किलोमीटरांना १२६० झाल्या. एकंदर चढ ३०० मीटर धरला, तर त्याचे काम सुमारे ४२ किलोकॅलरी आणि त्यासाठी स्नायूंचा खर्च त्याच्या चौपट, म्हणजे १७० च्या आसपास. उतारावर थोडी बचत होते, पण शरीर आवरून धरताना मांड्यांचे स्नायू ब्रेकसारखे राबतात, म्हणून चढाचा सगळा खर्च वसूल होत नाही. एकूण खर्च ठोकळमानाने १४००.

हे इंधन येते कोठून? कर्बोदकांपासून बनलेले ग्लायकोजन स्नायूंत आणि यकृतात मिळून ४०० ते ५०० ग्रॅम साठू शकते. त्याच्या १६०० ते २००० किलोकॅलरी होतात. जोडीला चरबीही जळतेच. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी असतात आणि त्यांतला बहुतेक भाग कर्बोदकांचा. म्हणजे घाट चढण्याचे इंधन भाकरी, भात, पोहे, बटाटे, केळी यांत भरपूर आहे. त्यासाठी मांसाहाराची गरज नाही.

मात्र कोठी आधी भरलेली हवी. दमवणाऱ्या सरावानंतर ती पुन्हा भरायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून शर्यतीआधीचे एक-दोन दिवस धावणे कमी आणि भात-भाकरी जास्त. आदल्या रात्री उसळ मात्र बेताने खावी; तिच्यातील तंतुमय भागामुळे धावताना पोटात कुरकूर होते. वाटेत गूळ किंवा केळे घ्यावे. वेग जितका जास्त तितके ग्लायकोजन भरभर संपते, म्हणून पहिल्याच चढावर जोर करू नये.

मग प्रथिने कशाला हवीत? दुरुस्तीला. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, नियमित लांब धावणाऱ्याला १.२ ते १.४. साठ किलोच्या माणसाला ही गरज ७२ ते ८४ ग्रॅम होते. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. म्हणून डाळ-भात किंवा भाकरी-पिठले ही जोडी शास्त्रशुद्ध आहे. दूध, दही, शेंगदाणे, हरभरे यांची भर घातली की महागड्या डब्यांतील भुकटी नसली तरी चालते.

शाकाहारी खेळाडूची खरी अडचण वेगळीच आहे. इंधन जाळायला प्राणवायू लागतो आणि तो वाहून नेते रक्तातील हिमोग्लोबिन. त्यासाठी लोह हवे. वनस्पतींतील लोह मांसातील लोहाच्या मानाने कमी शोषले जाते. जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास त्यांतील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. चहाने ते घटते. कडधान्यांना मोड आणल्यानेही फायदा होतो. तांबड्या पेशी तयार होण्यासाठी ब-१२ जीवनसत्त्वही लागते. ते मोड आलेल्या कडधान्यांत मिळते, हा समज चुकीचा आहे. शाकाहारी माणसाला ते मिळते दूध-दह्यातून, आणि दूधही न घेणाऱ्याला औषधी गोळीतूनच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ही केवळ शाकाहारी घरांची गोष्ट नव्हे. मैदानाच्या दुसऱ्याच फेरीला धापा टाकणाऱ्या मुलीला आपण 'आळशी' म्हणतो, किंवा 'शाकाहारी, म्हणून अशक्त' असे ठरवून संघातून वगळतो. तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तिला बोल लावून काय उपयोग? तिला तपासणीची आणि उपचाराची गरज आहे.

शाळकरी मुलांना एकवीस किलोमीटर धावायला लावू नये. पण फिकचा हिशेब शाळेच्या जिन्यावर सहज करता येतो. विद्यार्थ्यांनी आपले वजन करावे, पायऱ्यांची एकूण उंची मोजावी, काम ज्यूलमध्ये काढावे आणि त्याला चारने गुणून स्नायूंचा खर्च काढावा. एका भाकरीवर आपण तो जिना किती वेळा चढू शकू, हे त्यांनाच शोधू द्यावे. उत्तर पाहून वर्ग चकित होईल.