साडेसत्याऐंशी रुपयांची भिंत

नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेतली, त्यावर भरपूर लिहून झालं. जागा किती, कुठलं खातं तिथे जाणार, मंत्रालयावरचा ताण किती हलका होणार, सगळं छापून आलं. मला त्या तेवीस मजल्यांपेक्षा आतल्या भिंतींबद्दल बोलायचं आहे. ‘आमच्या ब्रँडची ओळख ऑफिसमध्ये शिरताक्षणी कळली पाहिजे’ ही मागणी आज इंटिरियरवाल्यांच्या पहिल्याच मीटिंगमध्ये होते. आपल्याकडे ही गोष्ट ज्या कंपनीने सर्वांत चांगली करून दाखवली, तिचं घर या इमारतीत होतं.

१९५६ साली एअर इंडियाने सहा चित्रं विकत घेतली. एकेकाला साडेसत्याऐंशी रुपये, म्हणजे सहांचे मिळून सव्वापाचशे. चित्रकर्ती होत्या बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावच्या, नागपुरात शिकून पुढे मुंबईच्या जे. जे.मध्ये आलेल्या, वय अवघं तेवीस. त्यांच्या चित्रांतल्या बायका एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. उंच, शेलाट्या, लांब मानेच्या. कुणी कोळीण, कुणी शेतावरची मजूर. अंगावर दागिना बेताचा, नजर कुठेतरी खाली किंवा दूर, आणि सगळ्या कॅनव्हासवर एकाच रंगाचं राज्य. विद्यार्थिदशेतल्या त्यांच्या पहिल्याच प्रदर्शनातून होमी भाभांनी तीन चित्रं घेतली होती. नाव अजून व्हायचं होतं, तेव्हाच ज्यांच्या नजरेने ते हेरलं अशी ही माणसं.

या खरेदीचं मोल मला फार वाटतं. परदेशी प्रवाशाला भुलवायला ताजमहालाचं पोस्टर पुरलं असतं. एअर इंडियाने देशोदेशीच्या बुकिंग ऑफिसांत जिवंत भारतीय चित्रकारांची कामं लावली. पुढे हुसेन आले, गायतोंडे आले. वस्त्रं, शिल्पं, लाकडी कोरीवकाम आलं. काही चित्रकारांना तर मोबदला म्हणून विमानाची तिकिटं मिळाली. कंपनीकडे मुबलक होतं ते कंपनीने दिलं आणि चित्रकार जग बघून आले. १९६७ मध्ये साल्वादोर दालीकडून खास ॲशट्रे करून घेतले, शिंपल्याच्या आकाराचे, भोवती साप. ॲशट्रेच्या पायाकडे सरळ बघितलं तर हंस दिसतो, उलटं धरलं तर हत्ती. दालीने मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि बंगळूरहून पिल्लू विमानाने जिनिव्हाला आणि तिथून स्पेनला रवाना झालं. हा किस्सा सगळे सांगतात. मला मात्र त्या हत्तीपेक्षा सव्वापाचशे रुपयांचा व्यवहार मोठा वाटतो. दालीचं नाव जगाला ठाऊक होतं, बेला गावच्या मुलीचं नव्हतं.

हे जमलं कसं? एका नजरेखाली सगळं चालत होतं म्हणून. बॉबी कुका आणि उमेश राव यांनी १९४६ मध्ये कंपनीची ओळख ठरलेला महाराजा जन्माला घातला. तोच मिश्यांचा, कमरेत वाकलेला महाराजा तिकिटाच्या पाकिटापासून काउंटरपर्यंत भेटायचा. जे. आर. डी. टाटा विमानात बसले की वही काढायचे. पडदे कसे आहेत, चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, असल्या बारीकसारीक नोंदी ते खालच्यांना पाठवायचे. चहाच्या रंगापर्यंत लक्ष पोचणाऱ्या माणसाला भिंतीवरच्या चित्राची काळजी वेगळी करावी लागत नाही. १९७१ मध्ये जंबो जेट आलं, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोका रंगवला गेला. आज टाटांच्या ताब्यात परतलेल्या कंपनीचं २०२३ मधलं नवं बोधचिन्ह त्याच झरोक्याच्या चौकटीतून निघालं आहे. बावन्न वर्षांनीसुद्धा उपयोगी पडावी अशी ती खिडकी होती.

आता आजचं. परवा कामानिमित्त हिंजवडीतल्या एका ऑफिसात तासभर बसून होते. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर गेरू रंगाचं वारली चित्र, तारपा नाचाचं वेटोळं. जवळ जाऊन पाहिलं तर व्हिनाइलचा छापील कागद. एसीच्या झोताखाली वरचा कोपरा सुटून पुढे वळला होता, खालची पांढरी पुट्टी दिसत होती. वेटोळ्याच्या बरोबर मधे, तारपा वाजवणाऱ्याच्या अंगावर, अग्निशामक नळकांडं ठोकलेलं. ज्याने ते ठोकलं त्याला तिथे माणूस काढलेला आहे हे दिसलंच नाही, आणि रोज समोर बसणाऱ्यांनाही वर्षभरात दिसलं नाही. मला वाईट वाटलं. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहिला जातो तो तांदळाच्या पिठाने, सारवलेल्या भिंतीवर, देवीला बोलावण्यासाठी. डहाणू-तलासरीकडे आजही हे काम करणारे हात आहेत. त्यांतल्या एकाला बोलावून ती भिंत त्याच्या हवाली केली असती तर आठवडाभर सगळं ऑफिस चहाचे कप घेऊन बघत उभं राहिलं असतं.

इंटिरियर करणारे वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या हाती सहा आठवडे असतात. मूड बोर्ड मंजूर करून घ्यायचा, लोगोचा रंग लॅमिनेटला आणि कार्पेट टाइल्सला जुळवायचा, फॉल्स सीलिंग उरकायचं आणि ताबा द्यायचा. उरलेली भिंत कशाने तरी भरायची. म्हणून पुण्यात काय, बंगळूरला काय, तीच प्लॅस्टिकच्या पानांची हिरवी भिंत आणि तीच निऑनमधली इंग्रजी वाक्यं. नाव झाकलं तर कंपनी ओळखू येत नाही.

माझी स्वतःची एक खूण आहे. कुठल्याही ऑफिसात गेले की मी दारावरच्या सुरक्षारक्षकाची खुर्ची बघते. तिला पाठ आहे का, हात आहेत का, की कँटीनमधून बाद झालेलं स्टूल तिथे आलं आहे? बारा तास त्यावर बसणाऱ्या माणसाबद्दल कंपनीला काय वाटतं ते त्या खुर्चीत लिहिलेलं असतं. लोगोचा रंग त्यानंतरचा.

आणि नजर हटली की काय होतं, तेही एअर इंडियानेच दाखवलं. जतिन दास यांनी १९९१ मध्ये कंपनीला दिलेलं एक चित्र २०१७ मध्ये विक्रीला निघाल्याचं खुद्द त्यांच्याच कानावर आलं. ते चित्र परत मिळालं, पण संग्रहाची निगा किती ढासळली होती हे साऱ्या देशाला कळलं. मुख्यालय त्याआधीच, २०१३ मध्ये, दिल्लीला हललं होतं. अखेर २०२३ मध्ये हा सुमारे चार हजार कलाकृतींचा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा करार झाला. तो लिलावात फुटला नाही, याचं समाधान आहे.

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा भाभांनी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखायला नेहरूंची संमती मिळवली होती. एक टक्का. आज ऑफिस सजवणाऱ्या कंपन्यांनी एवढाच आकडा पाळला तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांची चूल त्यावर पेटेल.

सरकारलाही माझी एक विनंती आहे. नरिमन पॉइंटच्या त्या इमारतीत आता आपली ऑफिसं थाटायची आहेत. टेंडर निघेल, टाइल्स ठरतील, टेबलं येतील. त्याआधी संग्रहालयाला एक पत्र लिहा आणि बी. प्रभांची चित्रं तळमजल्यावर लावण्यासाठी मागून घ्या. दाखल्यासाठी, सहीसाठी तिथे ताटकळणाऱ्या माणसाला समोर आपल्याकडची एक कोळीण दिसू दे.