दयाळाची पहाट आणि आपला कॅमेरा

मार्च लागला की आमच्या पुण्यातल्या घराच्या पाण्याच्या टाकीवर पहाटे पाचच्या सुमारास दयाळ गाऊ लागतो. काळा-पांढरा, बुलबुलाएवढा, शेपटी उभारून बसणारा पक्षी. अनेकजण त्याच्या गाण्याचे श्रेय कोकिळाला देऊन मोकळे होतात. पण कोकीळ एकच स्वर चढवत नेतो. दयाळ सुरावट सारखी बदलतो, मध्येच दुसऱ्या एखाद्या पक्ष्याची नक्कलही करतो.

एवढ्याशा देहातून असे गाणे निघते कसे? आपले स्वरयंत्र घशात असते. पक्ष्यांचे मात्र श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे, छातीत खोल असते. गायक पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, त्यामुळे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर निघू शकतात. आपल्याकडे त्यासाठी जुगलबंदी ठेवावी लागते!

हे गाणे आपल्या करमणुकीसाठी नसते, हे मात्र ध्यानात घ्यावे. बहुतेक वेळा गाणारा नर असतो. तो मादीला बोलावत असतो आणि दुसऱ्या नरांना बजावत असतो, की ही हद्द माझी आहे.

घाटात हाच मान शीळकरी कस्तुराचा. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी पहाटे कुणीतरी रमतगमत शीळ घालत चालल्यासारखे वाटते. माणूस मात्र दिसत नाही. इंग्रजांनी म्हणूनच या पक्ष्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हटले. निळसर काळा रंग, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा डाग. अंधार, पाऊस आणि काळा पक्षी! अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून नुसते ऐकावे, असे माझे मत आहे.

फोटोचा सराव अंगणातच करावा. दोन इंच खोलीचे मातीचे पसरट भांडे पाणी भरून झुडपाजवळ ठेवा. मांजराला दबा धरता येईल इतके दाट झुडूप मात्र नको. पंधरा-वीस फुटांवर गुपचूप बसा. सकाळी आठच्या आतला उजेड मऊ असतो. दयाळासारख्या पक्ष्याचा पांढरा रंग उन्हात पार उडून जातो, म्हणून प्रकाशाचे माप पांढऱ्या पिसांवरून घ्यावे. फोकस डोळ्यावर. डोळा धूसर आला की बाकी सगळे नीट असूनही फोटो मेल्यासारखा दिसतो.

आता एका वाईट खोडीबद्दल. पक्षी समोर येत नाही म्हणून मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावायचा. पक्षी येतो, अगदी धावून येतो. पण तो येतो हद्दीत शत्रू घुसला म्हणून. चारा टिपणे, पिल्लांना भरवणे सोडून तो त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहतो. ऐन विणीच्या दिवसांत, एकामागून एक आलेल्या दहा जणांनी हेच केले तर? मग त्याने पिल्लांना भरवावे कधी?

घरट्यांचे तसेच. शिंपी पक्षिणी पानाच्या कडा चोचीने टोचून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पिशवी शिवते. आड येणारे पान फोटोसाठी बाजूला केले की पिल्ले उन्हाच्या आणि कावळ्याच्या तोंडी जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते. बंदूक हातात असलीच पाहिजे असे नाही.

शिंप्याची पिल्ले साधारण दोन आठवड्यांत उडून जातात. मग रिकाम्या घरट्याचा फोटो हवा तितक्या जवळून काढा. टाके त्यातच उत्तम दिसतात.